टेकलं गं, उठा

आई,

तुला वाचता येत नव्हतं हे ठाऊक असूनही लिहायला बसले आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "लिवायचं काय त्यात, तोंडानं सांग की." तोंडाने सांगायची सोय उरली नाही, म्हणून हा कागद.

उद्या मला दौंडला जबाब द्यायला जायचं आहे. विमानाच्या चौकशीचे साहेब बाहेरून येणार आहेत. वारा कसा होता, विमान कसं वळलं, हे ते त्यांच्या यंत्रांवरून काढतील. माझ्याकडून त्यांना एकच गोष्ट हवी आहे. तू त्या दिवशी आत कशी गेलीस? गेटातून, की तारेखालून? वस्तीतलं जो भेटेल तो मला सांगतोय की तारेखालून म्हण. साहेबांसमोर तोंड उघडण्याआधी मला तुझ्यासमोर एकदा बोलून घ्यायचं आहे. लग्नाचं ठरलं तेव्हा आधी तुलाच सांगितलं होतं, कंपनीत लागले तेव्हाही. तू "हं" म्हणायचीस आणि भाकरी उलटायचीस. त्या "हं"वर माझं निम्मं आयुष्य चाललं.

तुझ्याच घरात बसले आहे. कंपनीत सुट्टी टाकली, साक्षीला घेतलं आणि न्हावऱ्याहून एसटीने आले. तुझा धाकटा, मिलिंद, उसाच्या फडावर गेलाय. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली तुझा फोटो लावला आहे आम्ही. दुसरा फोटो नव्हताच, आधार कार्डावरचा मोठा करून घेतला, त्यामुळे जो दारातून आत येईल त्याच्याकडे तू रागाने बघतेस. साक्षी मला म्हणाली, "आजी मला का ओरडतेय?" घाबरली मात्र नाही. तुझीच नात आहे ती.

लोकांना वाटतं, गवत ते काय! ज्यांना बांध आहे त्यांना तसं वाटणारच. आपल्याला जमिनीचा तुकडा नाही आणि दारात दोन म्हशी. लहानपणी मी तुझ्याबरोबर लोकांच्या बांधाला यायचे, तेव्हा तू आधी मालकाच्या घरी जाऊन विचारायचीस. मालकीण हो म्हणायची आणि अर्धा भारा झाला की तिचा दीर येऊन हिशेब विचारायचा, कुणाला विचारून कापतेस म्हणून. एकदा एकाने तुझा विळा घेऊन विहिरीत टाकला. घरी येताना मला म्हणालीस, "इचारून घेतलेलं व्हतं, ध्येनात ठेव. आपुन इचारल्याबिगर काडी उचलली न्हाई." न दिलेलं न घेण्याचं शील विहारात सगळेच म्हणतात. तू ते बांधावर पाळायचीस.

मग माळावर विमानं शिकवायची शाळा आली. तारेचं कुंपण, गेट, मधे डांबरी पट्टी आणि पट्टीच्या दोन्ही अंगांना पावसाळ्यात मांडीएवढं गवत. ते त्यांना कापून हवंच होतं. गेटवर वॉचमन म्हणून किसन आप्पा लागले आणि एका सकाळी ते स्वतः वस्तीत आले, आठवतं? समाजमंदिराच्या पायरीवर बसले, पाणी मागून प्यायले आणि म्हणाले, "बायांनो, माळावरचं गवत नेत जावा. पर समद्या एकदम या, गेटातनंच या, आन् माझ्या शिट्टीवर ऱ्हावा. मॅनेजर सायबाला इचारलंय मी." एवढ्या मोठ्या घरातला माणूस, आपल्या वस्तीत बसून पाणी मागून प्यायला, हे तू घरी आल्यावर पुन्हा पुन्हा सांगत राहिलीस. गवताचं एकदाच सांगितलंस.

कागद काही झाला नाही. शाळेचं गवत फुकट कापून व्हायचं, आपल्या म्हशींचं पोट भरायचं, त्यात कागद कशाला? गेटातून आत शिरताना तू पदर नीट करायचीस. मी हसले की म्हणायचीस, "बोलावल्यावर नीट जावं मान्सानं."

आणि त्या विमानांवर तुझा जीव जडला होता, हे तू कबूल करायची नाहीस. ज्याच्या शेपटीवर लाल पट्टा त्याला तू तांबडी म्हणायचीस, दुसऱ्याला पांढरी. वरून जाताना जास्त खडखडलं की "हिला तेल न्हाई घातलं मेल्यांनी" म्हणायचीस. एकदा विमान अगदी जवळून गेलं आणि तुला आत वेणी दिसली. त्या दिवशी तू माझ्या कामाच्या वेळेत मला फोन केलास. मला वाटलं घरी काहीतरी झालं. तर तू म्हणतेस, "वंदे, पोरगी चालवती गं. पोरगी!" त्यानंतर ज्या विमानात वेणी दिसेल त्याला तू हात करायचीस, विळ्याचाच हात, आणि आप्पांची बोलणी खायचीस. साक्षीला त्या शाळेत घालू म्हणत होतीस. फी किती असते ते मी तुला सांगितलं नाही. तुझा आनंद कशाला मोडा?

आत तुम्हा बायकांचा एक रिवाज पडून गेला होता. विमान उतरायला आलं की आप्पांची शिट्टी. शिट्टी झाली की जिथे असाल तिथे खाली बसायचं आणि विळा मांडीखाली दाबायचा, कारण पात्याची चकाकी वरच्या पोरांच्या डोळ्यांत जाते असं कुणीतरी सांगितलेलं. विमान पट्टीला टेकलं की चाकं एकदा किंचाळायची. ते ऐकून तू हाक द्यायचीस, "टेकलं गं, उठा." शिट्टी आप्पांची, पण उठायची हाक तुझी. तुझे कान तिखट म्हणून ते काम तुझ्याकडे आलं, आणि तुला त्याचा गर्व होता, नाही म्हणू नकोस. मग सगळ्या उठायच्या, विमानाकडे पाठ करायच्या आणि पुन्हा कापायला लागायच्या. हवेत असेपर्यंत त्याची भीती. जमिनीवर आल्यावर तुमच्या लेखी तो ट्रॅक्टरच. टेकलेलं विमान थांबेपर्यंत उतरलेलं नसतं, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आप्पांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट उद्या मला सांगावी लागणार आहे, ती आपल्या थोरल्या म्हशीच्या, चांदीच्या आईची. तेव्हा मी शाळकरी होते. कुणाच्या तरी वरातीतला फटाका फुटला आणि ती म्हैस दावं तोडून बोळातून सरळ माझ्यावर आली. मी पळत सुटले. तू कुठून आलीस कळलंच नाही. माझ्या पुढे झालीस, पाय रोवलेस, दोन्ही हात आडवे पसरलेस आणि "हाऽऽ हो, हाऽऽ हो" असं पोटातून ओरडलीस. म्हैस अंगावर येता येता बाजूला वळली आणि उकिरड्यात जाऊन उभी राहिली. मग तू माझ्या पाठीत एक धपाटा घातलास. "पळायचं न्हाई. पळालीस की ती मागं येती. उभं ऱ्हायाचं, हात पसरायचं. तिला दिसलं पायजे, हितं कोन तरी हाय म्हून. मंग ती वळती." हे तू मला शिकवलंस, मिलिंदला शिकवलंस, वस्तीतल्या पोराटोरांना शिकवलंस. साक्षी जेमतेम चालायला लागली तर तिलाही अंगणात उभी करून हात पसरायला लावलेस. आपल्याकडे शिकवण्यासारखं एवढंच आहे, असं तुला वाटायचं.

त्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी होती, म्हणून तुझ्याकडे आले होते. भाद्रपदातलं ऊन, आणि मावळतीकडून वारा सुटलेला. तुझा पदर सारखा उडत होता म्हणून तू तो कमरेला खोचलास. मी म्हटलं, एवढ्या वाऱ्यात आज विमानं नसतील. तू म्हणालीस, "हायत की. मघाशी तांबडी येऊन गेली." आपण पट्टीच्या मावळतीच्या बाजूला होतो. तू, मी, हिरामावशी आणि वस्तीतल्या तिघीचौघी. शिट्टी झाली. बसलो. विळे मांडीखाली.

पांढरी येत होती. एक पंख खाली झुकलेला, तोंड एकीकडे आणि चाल दुसरीकडे. चाकं किंचाळली आणि तू हाक दिलीस. ती तुझी शेवटची हाक, आणि ती चुकली नव्हती. टेकलंच होतं ते. सगळ्या उठल्या, पाठी वळल्या. तू मात्र पाठ केली नाहीस. तुझ्या कानाला काहीतरी खटकलं असणार. चाकं पुन्हा किंचाळली, आणि या वेळी थांबेचनात. विमानाचं तोंड आपल्याकडे फिरलं. पट्टीवरून सरळ जायचं सोडून ते वारा येत होता त्या दिशेला, म्हणजे आपल्या दिशेला, गवतात शिरलं.

आम्ही पळालो. मीही पळाले. तू शिकवलेलं मी विसरले, की माझ्या पायांनी ते ऐकलं नाही, कुणास ठाऊक. मावशीच्या भाऱ्यात पाय अडकून मी पडले, उठले, वळून बघितलं, तर तू उभीच. पाय रोवलेले. दोन्ही हात पसरलेले. वाऱ्याने साडी अंगाला चिकटलेली. "हाऽऽ हो, हाऽऽ हो." तोच आवाज, पोटातला.

आई, म्हैस वळते गं.

पुढचं मी लिहीत नाही. दवाखान्यात ज्यांनी तुला पांढऱ्या चादरीत बांधलं त्यांनी मला तुझा चेहरा दाखवला नाही. मी म्हटलं, मग हात तरी दाखवा. तेही नको म्हणाले. विमान पुढे जाऊन पाण्याच्या चरात कलंडलं, पंखा बंद पडला, आणि माळावर इतकी शांतता झाली की आप्पांची शिट्टी ऐकू यायला लागली. ते आपल्याकडे धावत येत होते. शिट्टी तोंडातच राहिली होती आणि त्यांच्या प्रत्येक श्वासाला ती वाजत होती. अजूनही कंपनीत पाळी सुटताना कुणी शिट्टी मारली की माझ्या हातातलं काम खाली पडतं.

तू गेल्यावर लोकांनी तुझ्या दोन गोष्टी केल्या. एक फाट्यावरच्या चहाच्या टपरीत तयार झाली. शेवंताबाईने म्हणे विमानाला हात केला, एसटीला करतात तसा. हसून सांगायची ती. मिलिंदने ऐकली आणि एकाची कॉलर धरली, चार माणसांनी सोडवलं. दुसरी शोकसभेतल्या भाषणातली. माऊलीने लेकीला वाचवण्यासाठी प्राण दिला. ही ऐकताना सगळे माझ्याकडे बघायचे. मला दोन्ही नकोत. माझ्यासाठी तू उभी राहिली नाहीस. मी तुझ्या मागे नव्हतेच, मी बाजूला पळाले होते. ते ओझं माझ्या डोक्यावर कुणी ठेवू नये, आणि तुला वेडीही कुणी ठरवू नये. तू उभी राहिलीस, कारण जन्मभर जे अंगावर आलं ते तू असंच वळवलं होतंस. तुला खात्री होती. मला तुझ्या त्या खात्रीचाच राग येतो.

तुझ्या पुण्यानुमोदनाला सगळी वस्ती जमली. खुटबावची तुझी बहीण उन्हातून चालत आली आणि दारातच बसली. भंतेजींनी पंचशील म्हणून घेतलं, सगळ्यांनी हात जोडून म्हटलं. खोटं न बोलण्याचंही त्यात आलं. जेवणं झाली, पत्रावळी उचलल्या, आणि हिरामावशी माझ्याजवळ सरकली.

"वंदे, सायेब इचारायला आलं की म्हण, शेवंता एकलीच तारंखालनं गेली व्हती. आमी बाहीर व्हतो."

"मावशी, तुम्ही माझ्या शेजारी कापत होता."

"व्हय गं. पर गेटातनं म्हनलीस तर आप्पाची नोकरी जाती, आन् गेट कायमचं बंद. आमच्या बी दारात म्हशी हायत."

"गेट आत्ताही बंदच आहे."

"आत्ता हाय. निवळल्यावर उगडतील. तू नीट बोललीस तर. मॅनेजरनंच आप्पाला तसं सांगितलंय."

मला तिच्यावर रागावताच येईना. मावशी वाईट नाही, तुला माहीत आहे. माझ्या बाळंतपणात तिने तुझ्या बरोबरीने रात्री काढल्या. मिलिंदही तेच म्हणतो. "ताई, तू जाशील न्हावऱ्याला. मला हितं ऱ्हायाचंय." आप्पांना तर नीट मागताही आलं नाही. एका संध्याकाळी आले, टोपी हातात घेऊन उंबऱ्याबाहेर उभे राहिले. मी पाणी दिलं. प्यायले. "शेवंता मला बहिनीवानी व्हती," म्हणाले. मग बराच वेळ टोपी फिरवत राहिले. "माझं नाव आलं तर या वयात मला कोन ठिवतंय, पोरी?" मी तांब्या आत नेऊन ठेवला. परत बाहेर आले तोवर ते गेले होते.

म्हणजे बघ, सगळ्यांचं बरं व्हायला एवढंच करायचं आहे. तुला तारेखालून घालायचं. पोटावर सरपटत, पदर अडकवून घेत, चोरून. जन्मभर जे केलं नाहीस ते मेल्यावर तुझ्याकडून करून घ्यायचं. आणि ते मी करायचं, तुझ्या पोटच्या पोरीने.

ती पोरगी येऊन गेली. विमान चालवणारी. तिची वेणी बघून मी ओळखलं. हात गळ्यात बांधलेला, ओठावर टाक्यांची खूण, बरोबर तिची आई. इंदूरकडची आहेत. शाळेने जाऊ नको म्हणून सांगितलं होतं, तरी आली. तिने नाव सांगितलं, मी ते लक्षात ठेवलं नाही. बस म्हणायलाही मला वेळ लागला.

तिने सगळं सांगितलं, हिंदीत, मधेच थांबत. जमिनीवर विमान हाताने वळत नाही म्हणे, पायांनी वळतं. खाली दोन पेडलं असतात, त्यांनी त्याला सरळ धरायचं. हे तिला शिकवलेलं, तिला पाठ होतं. पण वाऱ्याने शेपटी एकीकडे ढकलली, तोंड वाऱ्याकडे फिरलं, आणि ती इतकी घाबरली की हातातलं चाकच फिरवत राहिली, मोटारीचं फिरवतात तसं. पायांचं सुचलं तोवर उशीर झाला. ब्रेक दाबला तो एकाच बाजूला जोरात लागला, तोही नको त्या बाजूला. "मैं हाथ से ही मोड़ती रही, दीदी," ती म्हणाली. "हाथ से कुछ नहीं होता."

मी तिच्याकडे बघत राहिले. ती आतून हातांनी वळवत होती, आणि समोर तू हातांनीच वळवत होतीस.

तिने तुला पाहिलं होतं, आई. काचेतून. "आंटी हाथ फैलाके खड़ी थीं. मुझे लगा, हट जाएँगी." तिला वाटलं तू हटशील. तुला वाटलं ती वळेल. तुम्हा दोघींना एकमेकींवर एवढा भरवसा कुणी ठेवायला सांगितला होता? जिला तू विळ्याने हात करायचीस ती हीच होती का, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. विचारलं नाही. हो म्हणाली असती तर मला सोसवलं नसतं, आणि तिलाही.

तिने माफी मागितली. मी दिली नाही. मुद्दाम नाकारली असंही नाही, मला ती जवळ सापडलीच नाही. चहा तेवढा केला. तिला डाव्या हाताने कप धरता येईना, म्हणून तिच्या आईने कप धरला आणि घोट घोट पाजला. मी वैरण टाकायचं निमित्त काढून गोठ्यात गेले.

वैरण तरी कुठे होती म्हणा. गेट बंद झाल्यावर गवत संपलं. उसाच्या शेंड्यांचं वाढं मिळतं, पण त्यासाठी पुन्हा कुणाच्या तरी फडावर जाऊन उभं राहायचं. चांदी तर तू गेल्यापासून मिलिंदला हात लावू देईना. शेवटी तिला विकायचं ठरलं. काल मांडवगणचा व्यापारी टेम्पो घेऊन आला.

म्हैस विकली जाते म्हटल्यावर बघायला गर्दी होतेच. हिरामावशी दारात होती, टपरीवरची पोरं होती, आप्पाही लांब वडाखाली उभे होते. साक्षीला मी ओट्यावर बसवलं होतं. चांदी फळीवर अर्धी चढली, तिचा मागचा पाय घसरला, फळी धाडकन वाजली, आणि दावं हिसडून ती बोळात उतरली. व्यापाऱ्याची माणसं भिंतीला चिकटली. बोळाच्या तोंडाशी मी होते.

मी काही ठरवलं नव्हतं. पाय आपोआप रोवले गेले, हात पसरले गेले, आणि माझ्या पोटातून तुझा आवाज निघाला.

चांदी वळली. अगदी तिच्या आईसारखीच, अंगावर येता येता, आणि त्याच उकिरड्याशी जाऊन फुरफुरत उभी राहिली.

एसटीची गंमत करणारा पोरगा माझ्या हातांकडे बघत होता. ते अजून पसरलेलेच होते, खाली घ्यायचं मला सुचलं नव्हतं. हिरामावशी उंबऱ्यावर मटकन बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. त्या दिवशी पळताना तिने मागे वळून बघितलं नव्हतं. तू कशी उभी होतीस ते तिने काल बघितलं.

आणि मला काल एक कळलं, ते तुला विचारल्याशिवाय राहवत नाही. म्हैस अंगावर येईपर्यंत बराच वेळ असतो आई. उभं राहिल्यावर कळतं. पळून जायला पुरेल एवढा असतो. त्या दिवशी तुला ते पांढरं तोंड येताना दिसत होतं, त्याला डोळे नाहीत हे दिसत होतं, ते वळत नाहीये हे दिसत होतं. मग का नाही पळालीस? माझ्याएवढं तरी पळायचंस.

चांदीला शेवटी टेम्पोत चढवलीच. शांत झाल्यावर मीच दावं धरलं, माझ्यामागे निमूट चढली. गेली.

आप्पा वडाखालून निघाले तशी मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "आप्पा, मी गेटातून म्हणणार आहे." त्यांनी हातातली टोपी झटकली. मग म्हणाले, "व्हय. गेट उगडलं तर मीच व्हतं." टोपी डोक्यावर ठेवली आणि गेले. रात्री मिलिंद माझ्याकडे पाठ करून जेवला. आज सकाळी नळावर हिरामावशीने मला बघून तोंड फिरवलं. काल रडली आणि आज तोंड फिरवलं, दोन्ही खरंच आहे. रडून तिच्या म्हशींचं पोट भरत नाही.

तर आई, उद्या मी असं सांगणार आहे. माझी आई, शेवंताबाई, गेटातून गेली. पदर नीट करून गेली. तिला बोलावलं होतं म्हणून गेली, आणि बोलावणं आप्पांचं एकट्याचं नव्हतं, मॅनेजर साहेबांना विचारलेलं होतं, शाळेला गवत कापून हवं होतं. आप्पांना एकट्याला मी लटकू देणार नाही, माझ्याकडून होईल तेवढं. बाकीच्या बायकाही आत होत्या, हेही सांगणार. टेकल्यावर उठायचं असतं, एवढंच त्यांना माहीत होतं. कुणी विचारलं की बाई विमानासमोर का उभी राहिली, तर तिथे उभी राहून हात पसरून दाखवेन. लाजणार नाही. गेट बंद राहील, आणि वस्ती काही दिवस माझ्याशी बोलणार नाही. कदाचित मिलिंदही. हे सगळं धरून सांगणार आहे.

आणि अजून एक, जे तुला आवडणार नाही. काल रात्रीपासून साक्षी ओट्यावर उभी राहून हात पसरते आणि "हाऽऽ हो" ओरडते. तू शिकवलंस ते तिने काल डोळ्यांनी बघितलं, आता तिचा त्यावर पक्का विश्वास बसलाय. मी तुझं शिकवणं मोडणार नाही, पण अर्धंच ठेवणार आहे. तिला सांगणार आहे, म्हैस आली तर उभी राहा, ओरड, ती वळेल, तिला तू दिसतेस. यंत्र आलं तर पळ. टेकलेलं असलं तरी पळ. विळा टाक, भारा टाक, आई मागे राहिली तर राहू दे, तू पळ.

यावर तू "हं" म्हणणार नाहीस, मला माहीत आहे. तरी मी हेच करणार आहे.

तुझी,
पळून वाचलेली,
वंदना